साडेचार बाय सहाचं बाथरूम

आमच्या बाथरूममध्ये एका वेळी एक माणूस मावत असे, किंवा एक बादली. दोघांना एकदम आत जायचं असेल तर त्याची एक पद्धत होती. आधी बादली आत सरकवायची. मग तिच्यावरून पाय टाकून आपण पलीकडे जायचं. दार आत उघडणारं, म्हणून पोट आत घेऊन, भिंतीला पाठ चिकटवून दार लावायचं. आणि दार लागलं, की साबण बाहेर राहिला हे लक्षात यायचं!

जबलपूरला विजय नगरमधलं आमचं एलआयजी, म्हणजे कमी पगारवाल्यांचं सरकारी घर. बांधणाऱ्यानं खोल्या, स्वयंपाकघर, अंगण सगळं व्यवस्थित बांधलं होतं आणि शेवटी 'अरे, हे लोक अंघोळ पण करत असतील ना!' असं एकदम आठवल्यासारखं कोपऱ्यात साडेचार बाय सहाचं बाथरूम कोंबलं होतं. संडासही त्यातच. घरात आम्ही चौघं: मी, बायको शोभा, कॉलेजात जाणारी मुलगी पिंकी आणि माझी आई. सकाळी सहा ते आठ आमच्या घरात जे चालायचं, त्याला संसार म्हणणं जरा जास्तच होईल.

पण चालून राहिलं होतं ना बाप्पा! एका रविवारी आई विहारात जायला पांढरं लुगडं नेसून तयार झाली आणि चप्पल घालता घालता म्हणाली, "सुधाकर, मी नागपूरले जाते. विनोदकडे."

विनोद माझा धाकटा भाऊ.

"जा ना," मी म्हटलं. "किती दिवस?"

"दिवस कायचे? राहतेच तिकडे."

मी हातातला चहा खाली ठेवला. "काहून? काय झालं? शोभा काही बोलली काय?"

"मी काहून बोलू!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"कोणी काही नाही बोललं," आई म्हणाली. "गुडघे दुखतात माझे. तुया त्या बाथरूममध्ये मले बसता येत नाही, उठता येत नाही. विनोदच्या घरी मोठं बाथरूम हाय. मी बोलली त्याच्याशी. पंधरा दिवसांनी रविवारी येऊन राहिला तो न्यायले."

शोभा बाहेर आली. "आई, मी घालत जाईन ना अंघोळ तुम्हाला."

"मी काय तान्हं लेकरू हाव?" आईनं एवढंच म्हटलं, आणि विषय संपला. माझी आई स्वतःची अंघोळ, स्वतःचं लुगडं आणि स्वतःचं मत यात कोणाचा हात लागू देत नाही.

आता खरं सांगतो. भंडाऱ्याहून बाबांच्या मागोमाग इथल्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आलेली ही बाई. बाबा गेले, क्वार्टर सुटलं, पण आईनं जबलपूर सोडलं नाही. दर रविवारी विहारात वंदना आई सुरू करते आणि मग बाकीचे म्हणतात. तिचा आवाज आला नाही तर गजभिये काका पहिली ओळसुद्धा चुकतात! तिच्या सगळ्या मैत्रिणी इथे, भांडणं इथे. नागपूरच्या तिसऱ्या मजल्यावर ती कोणाशी बोलणार होती? मला आई जायला नको होती. आणि जायचीच होती तर विनोदच्या बाथरूमपायी तर मुळीच नको होती!

"पंधरा दिवस दे मला," मी म्हटलं. "असं बाथरूम करून देतो, का विनोद पाहायला येईल!"

हे मी उगाच नव्हतो बोलत. मी फॅक्टरीत ड्राफ्ट्समन होतो. सूतभर इकडचं तिकडं झालं तर जिथे मशीन बंद पडतं, तिथे मी रेषा ओढायचो. साडेचार बाय सहाचं बाथरूम म्हणजे माझ्यासाठी काय? डाव्या हातचा मळ!

त्याच दिवशी टेप घेऊन गच्चीवर गेलो आणि खडूनं तिथे पूर्ण मापाचं बाथरूम आखलं. दार बाहेर उघडणारं. शिरल्यावर डाव्या अंगाला कमोड, उजव्या अंगाला बसून अंघोळ करायला ओटा, गुडघ्याच्या उंचीचा. समोरच्या भिंतीतल्या हवेच्या जाळीकडे तोंड करून बसायचं, उजव्या हाताला नळ, आणि उठताना धरायला उजव्याच हाताला भिंतीत पक्की दांडी. कमोडच्या जागी उलटं घमेलं ठेवलं, ओट्याच्या जागी तीन पाट. आणि मी रिहर्सल सुरू केली.

शेजारच्या गच्चीवर दुबे भाभी पापड वाळवत होत्या. थोडा वेळ त्यांनी पाहिलं. मग राहवलं नाही.

"भाईसाहब, ये क्या कर रहे हैं?"

"नहा रहा हूँ, भाभीजी."

"कपड़े पहनके?"

"अभी ट्रायल है!"

भाभींनी पापड तसेच टाकले आणि दुबेजींना बोलवायला खाली गेल्या.

मग शोभाची रिहर्सल झाली. ती दोन मिनिटांत म्हणाली, "छान हाय, मले पोळ्या टाकायच्या हायेत." पिंकीची झाली. "पापा, कॉलनी के लड़के देख रहे हैं," एवढं म्हणून ती पळाली. (आमची पोरगी मराठी सगळं समजते; उत्तर मात्र हिंदीतच देते.) मग मी आणि शोभानं आईला हात धरून वर आणलं आणि पाटांवर बसवलं. आई बसली. उजव्या बाजूला पाहिलं. डाव्या बाजूला पाहिलं. मी इतक्या हौसेनं दांडीची उंची समजावून राहिलो होतो, की ती काय करून राहिली याकडे माझं लक्ष नव्हतं.

"कसं हाय?" मी विचारलं.

"तू काढलं म्हणजे बरोबरच असंन," आई म्हणाली. आणि दांडी धरायची रिहर्सल न करताच शोभाच्या खांद्याला धरून उठली.

ऑफिसातून मी उत्तम ट्रेसिंग पेपर आणला (रद्दीतला होता, उगाच शंका नको) आणि काळ्या शाईनं त्यावर ड्रॉइंग काढलं. काय सुंदर उतरलं होतं! मिस्त्री सिहोऱ्याहून पहिल्या बसनं येणारा, रामसजीवन नावाचा. डोक्याला गमछा, कानावर बिडी. मी मनाशी म्हटलं, बिचाऱ्याला वाचता कुठे येत असेल! म्हणून ड्रॉइंगवर एकही अक्षर लिहिलं नाही. नुसत्या खुणा. नळाला फुली, कमोडला गोल, ओट्याला चौकोन. स्वतःच्याच समजूतदारपणावर मी इतका खूश झालो, की शोभाला दोनदा सांगितलं.

सकाळी फॅक्टरीला निघता निघता कागद त्याच्या हातात दिला.

"साहब, इसमें कुछ लिखा नहीं है?" त्यानं विचारलं.

"लिखने की ज़रूरत नहीं," मी स्कूटरला किक मारत म्हटलं. "चित्र है. जैसा चित्र वैसा बाथरूम. सूतभर इधर-उधर नहीं!"

"जी साहब," म्हणून त्यानं कागद उजेडाकडे धरला. मी निघून गेलो.

मग पंधरा दिवस आमच्या घरी बाथरूम नव्हतं. बायका दुबे भाभींकडे जायच्या. मला तिकडे जायची लाज, कारण मी दिसलो की दुबेजी विचारायचे, "आज असली या ट्रायल?" म्हणून मी अंधार फाटायच्या आत स्कूटरवर ग्वारीघाटला जाऊन नर्मदेत डुबकी मारायचो. दिवस थंडीचे. तिसऱ्या दिवशी सर्दी, पाचव्या दिवशी खोकला. घाटावरच्या एका पंडितजींना वाटलं मी नवस फेडून राहिलो. त्यांनी मला फुकट आशीर्वाद दिला. मी घेतला, कारण शिंका आवरताना बोलता येत नव्हतं.

संध्याकाळी घरी आलो (मधल्या रविवारीसुद्धा फॅक्टरीत ओव्हरटाइम होता), की मी बाथरूमकडे धावायचो. तर दारात खुर्ची टाकून आई!

"आत जाऊ नको. सिमेट ओलं हाय."

"एक नजर पाहतो ना फक्त."

"मिस्त्री बोलून गेला, कोणाले जाऊ देऊ नका म्हणून. पाय ठेवला तर ठसा उमटते. अन् बल्ब काढला हाय, दिसणार काय तुले?"

मला वाटलं, पाहा, आईला किती कौतुक! मुलानं काढलेल्या बाथरूमवर पहारा देऊन राहिली. शोभाला म्हटलं, "आई जात नाही आता. पाहून घे तू." शोभा म्हणाली, "तुम्ही आधी काढा घ्या."

शनिवारी संध्याकाळी बाथरूम तयार झालं. दाराची कडी तेवढी बाजारात मिळाली नव्हती, ती रविवारी लावणार होता मिस्त्री. मी सगळ्यांना बोलावलं. आई, शोभा, पिंकी. दुबेजी आणि भाभी न बोलावता आले.

"लेआउट कशाला म्हणतात माहीत हाय?" मी विचारलं. "डोळे मिटूनसुद्धा अंघोळ करता आली पाहिजे, त्याला लेआउट म्हणतात. आता पाहा!"

मी डोळे मिटले. दार बाहेर ओढलं. वा! आत शिरलो. गच्चीवर पन्नास वेळा केलेलं, पाय आपोआप पडत होते. दोन पावलं पुढे, अर्धं पाऊल उजवीकडे, आणि ओट्यावर ऐटीत बसलो. जरा खोलच बसलो. उजवा हात नळाकडे नेला, तर नळाच्या जागी नुसती भिंत. डोळे उघडले.

मी कमोडमध्ये बसलो होतो! झाकण वर होतं.

"ये ट्रायल है ना?" दुबेजींनी बाहेरून विचारलं.

शोभानं आणि पिंकीनं मिळून मला बाहेर ओढलं. मी बाथरूमकडे नीट पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. ओटा डावीकडे! कमोड उजवीकडे! नळ, दांडी, साबणाचा कोनाडा, सगळं त्या बाजूचं या बाजूला!

"मिस्त्रीऽऽ! ये क्या कर दिया? सब उल्टा कर दिया!"

"उल्टा कहाँ साहब? नक्शे से मिला लो," रामसजीवन शांतपणे म्हणाला आणि थैलीतून कागद काढून दिला. मी दिव्यासमोर धरला. ड्रॉइंग त्याच्या बाथरूमसारखं होतं. मी कागद उलटवला. ड्रॉइंग माझ्या बाथरूमसारखं होतं. ट्रेसिंग पेपर! आरपार दिसणारा! दोन्ही बाजूंनी तेवढंच सुबक, आणि पुढची बाजू कोणती ते सांगायला त्यावर एक अक्षर नाही.

"और पाइप? पाइप कैसे जोड़ा?"

"पाइप तो पीछे बीच में है. इधर जोड़ो चाहे उधर." मग त्यानं कानावरची बिडी काढली. "ऊपर-नीचे कुछ लिख देते साहब. हम आठवीं पास हैं. रोज़ अखबार पढ़ते हैं."

शोभा माझ्याकडे पाहत होती. 'बिचाऱ्याला वाचता येत नाही' हे तिला मी दोनदा सांगितलं होतं.

"तोड़ो," मी म्हटलं. "सब तोड़ो!"

"तोड़ देंगे. पर टाइल साबुत नहीं निकलेगी. पाँच-छह दिन और लगेंगे."

पाच-सहा दिवस! आणि सकाळच्या गाडीनं विनोद येणार होता. मी तिथेच पायरीवर बसलो. डोळ्यांत पाणी आलं, सर्दीनं म्हणा. पंधरा दिवसांची मेहनत, आणि आई आता सामान बांधणार. माझ्या हुशारीनं मीच तिला गाडीत बसवून दिलं होतं.

"राहू दे आता," आई मागून म्हणाली. "सकाळी मी अंघोळ करून पाहते एकदा. मग तोडजो."

रविवारी सकाळी विनोद आला. चकाचक बॅग, अंगावर नवीन जॅकेट. "दादा, बाथरूम झालं म्हणे?" मी म्हटलं, "झालं, म्हणजे आहे." तेवढ्यात आई कपडे घेऊन आत शिरली. दाराला कडी नव्हती, म्हणून मी बाहेरून दाराला पाठ लावून उभा राहिलो. पन्नाशीला आलेला माणूस, आईच्या अंघोळीचा दरवान!

आतून नळाचा आवाज आला. मग पाणी ओतल्याचा. मग थोडा वेळ काहीच नाही. मी दाराला कान लावला.

"आई, पडली तर नाही ना?"

"चूप राय! साबण लावून राहिली."

पुन्हा पाणी. मग पुन्हा. मोजत होतो, पण विसाव्या मगानंतर सोडून दिलं. अर्ध्या तासानं दारावर टकटक झाली. मी बाजूला झालो. आई बाहेर आली. एकटी, कोणाचा हात न धरता. आणि तिचे केस ओले होते!

शोभानं माझ्या दंडाला चिमटा काढला. आई वर्षभर डोक्यावरून अंघोळ करत नव्हती. विचारलं की म्हणायची, सर्दी होते. शोभानं धुऊन देते म्हटलं की केसांवर पदर घट्ट ओढायची.

"विनोद," आई केस पुसत म्हणाली, "दोन दिवस राय. शोभा पोहे करते, खा. अन् मंगळवारी आपला जा. मी नाही येत."

मी आईच्या पाया पडलो आणि पुन्हा शिंकलो.

इथे मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि माझी थोडी अब्रू राहिली असती. पण आई विहारातून येताना तीन बायकांना आणि गजभिये काकांना बाथरूम दाखवायला घेऊन आली. "माझ्या सुधाकरनं काढलं," ती म्हणाली. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. विनोदही. आणि माझी जीभ सुटली.

"त्याचं असं आहे काका," मी दारात उभं राहून सुरू केलं, "साधा माणूस नळ उजवीकडे ठेवतो. पण ड्राफ्ट्समन विचार करतो! म्हाताऱ्या माणसाला डावी बाजू सोपी. शरीराचा तोल असतो ना, तो मुळात डावीकडे. फॅक्टरीतसुद्धा आम्ही..."

"असं काय!" गजभिये काका म्हणाले.

"मग! सगळा हिशोब करूनच केलं." तेवढ्यात रामसजीवन कडी घेऊन आला. मी आणखी फुगलो. "ये लो, मिस्त्री से ही पूछ लो. बताओ भैया, किसके कहने पर ऐसा बनाया?"

(मी त्याला डोळा मारला होता. पण तो आठवी पास माणूस, सरळ उत्तर देणारा.)

"माताजी के कहने पर," रामसजीवन म्हणाला.

विनोद ऐकायला पुढे सरकला.

"आप तो फैक्टरी चले गए थे. कागज़ में सीधा-उल्टा समझ नहीं आया, तो माताजी से पूछा. पहले इधर ईंटें रखके बिठाया, फिर उधर रखके बिठाया. माताजी बोलीं, ये वाला. और बोलीं, साहब को मत बताना, उनको बुरा लगेगा."

मी आईकडे वळलो. आई पदराशी खेळत होती. पंधरा दिवस खुर्ची टाकून बसलेली माझी पहारेकरीण!

"आई?"

"अरे, हा हातच वर होत नाही माझा," तिनं उजवा हात उचलून दाखवला. छातीपर्यंत आला आणि थांबला. "मागच्या थंडीपासून. दांडी धरू कशी या हातानं? मग ओतू कशी?"

"अन् गुडघे?"

"गुडघे तर तुझेही दुखतात."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तर या पोरीनं मले अंघोळ घातली असती," आईनं शोभाकडे बोट केलं. "अन् तुनं पुन्हा गच्चीवर खडू घेऊन महिनाभर आखलं असतं. मिस्त्रीनं दहा मिनिटांत केलं."

विनोद हसत सुटला. गजभिये काका तोंडावर रुमाल धरून अंगणात गेले. मला मात्र हसू आलं नाही. साडेचार बाय सहाची ती खोली मी सुताच्या हिशोबानं मोजली होती, आणि जिच्यासाठी मोजली तिचा हात वर्षभर वर होत नाही हे मला दिसलं नव्हतं. त्याच आठवड्यात तिला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी व्यायाम दिला. ती करत नाही. म्हणते, आता बाथरूम जमलं ना, मग कायले?

आमच्या फॅक्टरीत ड्रॉइंग पास व्हायला कोपऱ्यात दोन सह्या लागत: एक काढणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. विनोद गेल्यावर मी तो ट्रेसिंग पेपर काढला, खाली 'काढणारा' म्हणून झोकात सही ठोकली आणि आईपुढे पेन धरलं. "घे, तुनंच तपासलं ना? कर सही."

आईनं चष्मा लावला. कागद उजेडाकडे धरून नीट पाहिला. मग तो उलटवला आणि मागच्या बाजूला सही केली.

तो कागद अजून माझ्याजवळ आहे. आईच्या सहीच्या बाजूनं पाहिलं तर ड्रॉइंग सूतभरसुद्धा चुकलेलं नाही. माझ्या सहीच्या बाजूनं कोणी पाहू नका!